रेघ आधी, आकडे नंतर

सबमिशन आठवड्यावर आलं की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो : ‘कुणाला एसपीएसएस येतं का? डेटा गोळा झालाय, फक्त टेस्ट लावून हवीये.’ मानसशास्त्र असो, बीबीए असो की आमचं मास कम्युनिकेशन, मेसेज तोच. मग एखादा सीनियर मदतीला येतो. टी-टेस्ट लावून बघतो. नाही जमलं तर काय-स्क्वेअर. तेही नाही जमलं तर मुलं-मुली वेगळ्या करून बघतो, हॉस्टेलवाले आणि घरी राहणारे वेगळे करून बघतो. कुठेतरी एकदाची पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली उतरते. प्रोजेक्टला ‘निष्कर्ष’ मिळतो आणि सगळे चहाला जातात.

यात कुणी खोटे आकडे लिहिलेले नसतात. गुगल फॉर्म खरा, उत्तरं खरी, सॉफ्टवेअरनं दिलेला आकडाही खरा. तरीही तो निष्कर्ष कामाचा नसतो. असं का, हे समजून घ्यायला परदेशी पाठ्यपुस्तकातलं उदाहरण शोधायची गरज नाही. आपल्याच शहरात, आपल्याच विद्यापीठाच्या आवारातल्या माणसांनी केलेला एक प्रयोग आहे. रिसर्च मेथडॉलॉजीच्या पहिल्या तासाला तो शिकवायला हवा, असं आमचं मत आहे.

प्रश्न होता कुंडलीचा. २००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांत ‘ज्योतिर्विज्ञान’ हा विषय शिकवायची दारं उघडली. अनेक शास्त्रज्ञांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या निर्णयात हस्तक्षेप करायला नकार दिला. त्यानंतर दोन्ही बाजूंनी लेख आले, चर्चासत्रं झाली, भांडणं झाली. आयुकाचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी वेगळा रस्ता घेतला : वाद घालण्यापेक्षा तपासून बघू. त्यांच्या सोबत होते पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले प्रा. सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि पूर्वी स्वतः ज्योतिष पाहणारे, पुढे त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे.

आता तुम्ही त्यांच्या जागी आहात असं समजा. ‘ज्योतिष खरं की खोटं?’ हा प्रश्न घेऊन प्रयोग करता येईल का? नाही. तो फार पसरट आहे. आधी त्यातून असा एक दावा बाहेर काढायला हवा, ज्याचं उत्तर बरोबर किंवा चूक असंच येईल. कुंडलीवरून माणसाची बुद्धी कळते, असं ज्योतिषी सांगतात. पंचम स्थान त्यासाठीच पाहतात. म्हणून या चौघांनी ठरवलं : दोन गट घ्यायचे. १०० हुशार विद्यार्थी आणि बौद्धिक अक्षमता असलेली १०० मुलं. समितीच्या कार्यकर्त्यांनी शाळांमधून जन्माचे तपशील मिळवले, त्यावरून कुंडल्या तयार झाल्या. ज्योतिषानं कुंडली पाहून एवढंच सांगायचं, की हे मूल कोणत्या गटातलं?

गट असे दोन टोकांचे का घेतले? कारण ‘बऱ्यापैकी हुशार’ आणि ‘जरा कमी हुशार’ असे गट घेतले असते, तर निकालानंतर हुशारी कशी मोजली यावरच वाद झाला असता. इथे त्या वादाला जागाच ठेवली नाही. आणि फरक इतका मोठा ठेवला की कुंडलीत बुद्धीचं काही दिसत असेल, तर ते इथे दिसायलाच हवं. म्हणजे समोरच्याच्या दाव्याला जिंकायची पुरेपूर संधी दिली.

१२ मे २००८ रोजी पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं गेलं. ५१ जण तयार झाले. प्रत्येकाला २०० पैकी ४० कुंडल्या यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठ्या काढाव्यात तशा, निवडून पाठवल्या. कोणती कुंडली कुणाची याची खरी यादी संख्याशास्त्र विभागात प्रा. कुंटे यांच्या ताब्यात. डबल ब्लाइंड, डबल ब्लाइंड म्हणून आपण परीक्षेत पाठ करतो ते हेच : उत्तर देणाऱ्याला माहीत नाही, आणि त्याच्याशी व्यवहार करणाऱ्यालाही नाही. नकळत चेहऱ्यावरून, बोलण्यातून इशारा जाण्याचा प्रश्नच मिटला.

४० च का? ५ का नाहीत? इथे थोडं गणित करू, घाबरू नका. समजा, प्रत्येकाला फक्त ५ कुंडल्या दिल्या असत्या. कुंडली न पाहता नुसतं नाणं उडवून उत्तर देणाऱ्यालाही ५ पैकी ४ किंवा ५ बरोबर येण्याची शक्यता ३२ मध्ये ६ आहे, म्हणजे जवळजवळ १९ टक्के. असे २७ नाणंवाले बसवा, त्यांतले साधारण पाच जण ‘८० टक्के अचूक’ अशी पाटी लावून मोकळे होतील. तेच ८० टक्के ४० कुंडल्यांमध्ये आणायचे, तर ३२ बरोबर यायला हवेत. नाण्याच्या भरवशावर हे होण्याची शक्यता दहा हजारांत एकापेक्षाही कमी. टक्केवारी तीच, पण वजन किती वेगळं! म्हणूनच कुणी नुसते टक्के सांगितले की पहिला प्रश्न विचारायचा : कितीपैकी?

आता रेघेचं. ४० पैकी २० तर नाण्यालाही मिळतील. २१ मिळाले म्हणजे विद्या आहे का? २३ म्हणजे? नाण्याचे गुण २० च्या आसपास वर-खाली होत राहतात. त्या हेलकाव्याचं माप, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, ४० फेकींसाठी ३.१६ येतं. या प्रयोगात यशाची रेघ होती २८. कारण नुसत्या योगायोगानं २८ किंवा जास्त मिळण्याची शक्यता हजारात साधारण ८ आहे, एक टक्क्याहून कमी. लक्षात घ्या, ही रेघ ४० या आकड्यातूनच निघते. ती काढायला एकाही ज्योतिषाचं उत्तर बघावं लागत नाही.

५१ पैकी २७ जणांनी उत्तरं परत पाठवली. सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्याचे बरोबर आले २४. सरासरी निम्म्याच्याही खाली. एका ज्योतिष संस्थेनं तर सगळ्या २०० कुंडल्या घेतल्या होत्या. त्यांचे बरोबर आले १०२. मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात चौघांच्या नावानं हा निबंध छापून आला.

बघा, २४ हा आकडा फसवा आहे. ‘४० पैकी २४, म्हणजे ६० टक्के! फर्स्ट क्लास!’ असं म्हणता आलं असतं. रेघ आधी ठरलेली नसती, तर कुणीतरी नक्की म्हटलं असतं. पण नुसती नाणी उडवणारे २७ जण बसवले, तरी त्यांतल्या तीन-चार जणांना २४ किंवा त्याहून जास्त मिळणं अपेक्षित असतं. इथे सगळ्यांत वरचा माणूसच तेवढ्यावर थांबला.

आता यातली खरी शिकवण. या चौघांची मतं काय आहेत, हे अख्ख्या महाराष्ट्राला माहीत होतं. त्यांना निकाल काय हवा असेल, हे सांगायला ज्योतिषाची गरज नव्हती. आणि म्हणूनच त्यांनी स्वतःचे हात बांधून घेतले. कुंडल्या कुणाला कोणत्या जातील, हे आपण निवडायचं नाही. उत्तरांची यादी समोर ठेवायची नाही. किती गुणांना यश म्हणायचं, हे नंतर ठरवायचं नाही. एखाद्या ज्योतिषाला २८ च्या वर गुण मिळाले असते, तर तेही छापावं लागलं असतं. प्रयोगाचा आराखडा असतो तो याच कामासाठी : आपल्याला हवं ते उत्तर येऊ नये म्हणून आपणच आपल्यावर घातलेलं बंधन. नवसाला पावणाऱ्यांना आणि भविष्य सांगणाऱ्यांना आयुष्यभर पुरावा मागणाऱ्या डॉ. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला याच शहरात, ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. त्यांच्या नावानं आपण दरवर्षी मेणबत्त्या लावतो. पण पुरावा मागायची त्यांची पद्धत विरोधकालाही किती सरळ वागवणारी होती, हे या निबंधातून जास्त चांगलं कळतं.

हे काही पुण्यातच पहिल्यांदा झालं असं नाही. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानं १९३५ च्या आपल्या पुस्तकात एका बाईंच्या चहाचं उदाहरण दिलं. कपात आधी दूध घातलं की आधी चहा, हे चवीवरून ओळखते असा त्यांचा दावा. (आपल्या अमृततुल्यावर दोन्ही एकत्रच उकळतं, त्यामुळे आपण या भांडणातून सुटलो.) फिशरनं मांडलं : ८ कप, ४ असे, ४ तसे, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवलेला. आठांतून चार निवडायच्या ७० रीती आहेत, त्यांतली एकच पूर्ण बरोबर. म्हणजे नशिबानं सगळे कप ओळखण्याची शक्यता ७० त १. आणि १९८५ मध्ये शॉन कार्लसन यांनी ‘नेचर’ मध्ये अमेरिकेतल्या ज्योतिषांची अशीच चाचणी छापली. तिथे एका कुंडलीसमोर तीन स्वभाववर्णनं ठेवली होती, त्यांतलं खरं ओळखायचं. आम्ही निम्म्या वेळा तरी बरोबर ओळखू, असं ज्योतिषांनी आधी सांगितलं होतं. निकाल आला तिनात एक, जेवढा डोळे मिटून बोट ठेवल्यावर येतो तेवढाच.

पण थांबा. पुण्याच्या प्रयोगावर आक्षेप घेता येत नाहीत का? येतात, आणि ते तुम्ही घ्यायलाच हवेत. एक : ५१ पैकी २४ जणांनी उत्तरं पाठवलीच नाहीत. त्यांच्यातच चांगले ज्योतिषी असतील तर? असू शकतील. म्हणून हा निकाल २७ जणांचा आहे, जगातल्या सगळ्या ज्योतिषांचा नाही. दोन : जन्मवेळा चुकीच्या नोंदल्या गेल्या असतील तर? असतील काही. पण मग लग्नाची पत्रिका ज्या जन्मवेळेवर जुळवतात, ती तरी कुठे वेगळ्या घड्याळातून येते? तीन : यातून ‘ज्योतिष खोटं ठरलं’ असं म्हणता येईल का? काटेकोर बोलायचं तर, बुद्धी ओळखता येते हा एक दावा या चाचणीत नाण्यापेक्षा वरचढ ठरला नाही, एवढंच म्हणता येतं. लग्न, नोकरी, परदेशगमन हे दावे वेगळे आणि ते करणाऱ्यांनी त्यांच्या चाचण्या द्याव्यात. आपल्याला आवडणाऱ्या निकालालाही ताणायचं नाही, हाही शिस्तीचाच भाग आहे.

चौथा मुद्दा जरा सूक्ष्म आहे आणि तोच आपल्या सबमिशनवाल्या मित्राला लागू होतो. एका माणसाला नशिबानं २८ मिळण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी. पण २७ जण परीक्षेला बसले, तर त्यांतल्या किमान एकाला नशिबानं २८ मिळण्याची शक्यता होते साधारण २० टक्के! पाचात एक. लॉटरी मला लागणं अवघड असतं, कुणाला तरी लागणं अवघड नसतं. म्हणजे एखादा ज्योतिषी रेघ ओलांडून गेला असता, तर लगेच हार घालायचा नव्हता. त्याला नव्या ४० कुंडल्या द्यायच्या होत्या.

आता तुमच्या फॉर्मकडे वळा. ०.०५ ची रेघ म्हणजे खरा फरक काहीच नसतानाही विसात एकदा ‘फरक आहे’ असा इशारा येणार. तुम्ही एकाच डेटावर २० वेगवेगळ्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या तुलना केल्यात, तर त्यांतली किमान एक खोटीच ‘सिग्निफिकंट’ निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. सीनियरनं सातव्या प्रयत्नात काढून दिलेला निष्कर्ष असा असतो : २७ नाणंवाले बसवायचे, ज्याला जास्त गुण मिळाले त्यालाच स्टेजवर बोलवायचं आणि बाकी २६ जण आले होते हे सांगायचंच नाही. आकडा खरा, गोष्ट खोटी.

‘एवढं काय, वीस मार्कांचं तर प्रोजेक्ट आहे,’ असं वाटू शकतं. पण तुम्ही कॉलेजबाहेर पडून शास्त्री रोडनं चालत जा. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फ्लेक्स बघा. यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो, हार, पदांची नावं. वरचा आकडा ठळक छापलेला असतो, खालचा कुठेच नसतो. एकूण किती जणांनी फी भरली? किती जण मधेच गावी परत गेले? एकाच मुलाचा फोटो किती क्लासच्या फ्लेक्सवर आहे? हा क्लास लावला नसता तरी यांतले किती जण पास झाले असते? हे प्रश्न म्हणजेच नमुना, गळती आणि तुलनेचा गट. पुस्तकात ते दोन मार्कांच्या टिपा म्हणून येतात. त्या रस्त्यावर त्यांची किंमत घरून आलेल्या पैशांत आणि विशीतल्या वर्षांत मोजावी लागते. उद्या तुम्ही एचआरमध्ये असाल, पत्रकार असाल, शाळेत शिकवत असाल, तेव्हा ‘अभ्यासातून सिद्ध झालंय’ असं कुणीतरी रोज तुमच्यासमोर ठेवणार आहे. तेव्हा सॉफ्टवेअर कामाला येणार नाही. रेघ कधी मारली होती, हा प्रश्न कामाला येईल.

म्हणून आमचं कॉलेजांकडे मागणं साधं आहे. डेटा गोळा करायला बाहेर पडण्याआधी प्रत्येक गटानं एक पान लिहून गाइडकडे द्यावं. त्यावर पाच गोष्टी : आमचा दावा एका वाक्यात काय आहे, कुणाला विचारणार आणि त्यांना कसं निवडणार, किती जणांना विचारणार, कोणती एक टेस्ट लावणार आणि काय आकडा आला तर ‘आमचा दावा टिकला नाही’ असं आम्ही लिहू. खाली तारीख आणि सही. बस. ते पान शेवटी प्रोजेक्टच्या पुढेच जोडायचं. नंतर काही नवीन दिसलं तर तेही लिहावं, पण ‘हे आम्हाला नंतर दिसलं, पुन्हा तपासायला हवं’ असं म्हणून.

आणि शिक्षकांना एक विनंती. ‘फरक आढळला नाही’ असं लिहिणाऱ्या गटाला पूर्ण मार्क द्या. सध्या मुलं सात टेस्ट लावतात ती अप्रामाणिक असतात म्हणून नाही. रिकाम्या हातानं आलं तर व्हायव्हात ‘मग तुम्ही केलंत काय?’ असं ऐकावं लागतं म्हणून. नारळीकर-कुंटे-दाभोलकर-घाटपांडे यांचा निबंधही शेवटी काय सांगतो? फरक आढळला नाही. तोही छापला गेला, कारण प्रश्न चांगला विचारला होता.

तुमच्यापुरतं म्हणाल, तर कॉलेजच्या परिपत्रकाची वाट बघायची गरज नाही. या सेमिस्टरचा फॉर्म ग्रुपवर टाकण्याआधी ते एक पान लिहा, गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या आणि गाइडना मेल करून टाका. अर्धा तास लागेल. मग कितीही खुशाल आकडे येऊ देत. त्यांच्याशी भांडायची वेळ येणार नाही.